वाळू मारलेल्या चकत्या

भोसरीतल्या ज्या वर्कशॉपमधून आम्ही दाताच्या इम्प्लांटवरच्या प्रयोगांसाठी टायटॅनियमच्या चकत्या कातून घ्यायचो, तिथले काका दर वेळी विचारायचे, "मॅडम, आधी आरशासारखं पॉलिश करायला लावता आणि मग निम्म्यांवर वाळू मारून वाट लावता. नक्की हवंय काय?"

मी सांगायचे, "गिलाव्याआधी भिंतीला टाचे मारतात ना, तसं. हाड घट्ट धरतं." त्यांना पटायचं. मलाही पटलेलं होतं, त्या बुधवारपर्यंत.

वाळू म्हणजे ॲल्युमिनाचे कण. त्यानं मोठे खड्डे पडतात, मग ॲसिडमध्ये बुडवलं की त्या खड्ड्यांत आणखी बारीक खड्डे. दाताच्या इम्प्लांटला, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूला, हीच ट्रीटमेंट सर्रास असते. चोवीस खणांच्या प्लेटमध्ये खणाला एक चकती ठेवून वर एमजी-६३ या हाडाच्या पेशी सोडल्या होत्या. (मूळच्या कॅन्सरच्या. त्यामुळे यावरून थेट जबड्याबद्दल बोलायचं ते जपूनच.)

सातव्या दिवशी मोजल्या, तर खरबरीत चकत्यांवर पेशी कमी! तिन्ही प्लेटमध्ये. ॲसिड नीट धुतलं गेलं नाही, पेशी मेल्या, असंच वाटलं. तोंड पाडून सरांकडे गेले. ते म्हणाले, "मोजल्यास ते ठीक. एएलपी बघितलंस?"

एएलपी हे हाड घडवायला लागलेल्या पेशीत वाढणारं एन्झाइम. रंगहीन द्रावण घालायचं, एन्झाइम असेल तर ते पिवळं होतं. अर्ध्या तासानं प्लेट बाहेर काढली. गुळगुळीत चकत्यांचे खण लिंबाच्या सरबतासारखे फिके, खरबरीत चकत्यांचे हळदीच्या पाण्यासारखे. आणि पेशी तर तिथे कमी होत्या! दर पेशीमागे हिशेब केला तेव्हा फरक आणखीच वाढला.

गुळगुळीत पृष्ठभागावर पेशी घावनासारखी पसरते आणि विभागत राहते. खरबरीत पृष्ठभागावर तिला तसं पसरता येत नाही, आकार बदलतो, विभागणं मंदावतं आणि ती हाड घडवायच्या कामाला लागते. म्हणजे माझे टाचे अर्धेच खरे. पकड नंतरची, त्याआधी पेशीच बदलते. गुळगुळीत टाकाऊ असंही नाही म्हणा. अशा इम्प्लांटचे जनक ब्रॉनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात बसवलेले स्क्रू नुसते लेथवर कातलेले होते, तरी टिकले.

पुढच्या ऑर्डरीला काकांना सांगितलं, "खरबरीत चकतीवर पेशी कमी असतात, पण काम जास्त करतात."

लेथवरून मान न उचलता ते म्हणाले, "आमच्याकडं उलटं आहे."