डिझाईन पेनड्राइव्हमध्ये आहे, पण मशीन उघडत नाही

इकडं बेळगावात शिवजयंतीची मिरवणूक नाहीतर गणपती जवळ आले की टी-शर्टवर राजमुद्रा, मंडळाचं नाव असल्या ऑर्डरी चालू होतात आणि व्हॉट्सअपवर फोटो येऊन पडतात, अक्का एवढं भरतकामाच्या मशीनला लावा की! आता फोटो म्हणजे जेपीजी, त्यातलं मशीनला काही कळत नाही. सुई कुठं टोचायची, टाका कुठल्या दिशेनं, किती दाट, खाली आधाराचे टाके म्हणजे अंडरले किती, हे सगळं पंचिंग करणारा, म्हणजे मशीनची फाइल बनवणारा, बसून ठरवतो तेव्हा डिझाईन तयार होतं. फोटो टाकला की फाइल देणाऱ्या फुकट साइट आहेत, पण त्यातून बाहेर येतं ते ग्राहकाला दाखवण्यासारखं नसतं, माझं तरी मत पक्कं आहे.

या फाइलींचे प्रकार म्हणजे फॉरमॅट बरेच, सगळ्यात जास्त चालतो तो डीएसटी. जपानच्या ताजिमा कंपनीचा फॉरमॅट, पण आता मल्टिहेड, म्हणजे एका वेळी बरेच कपडे भरणारं मशीन, कुठल्याही कंपनीचं असू दे, बहुतेक वाचतंच. आत काय असतं तर सुरवातीला ५१२ बाइटची माहिती, म्हणजे टाके किती, रंग किती वेळा बदलायचा, लांबी-रुंदी किती, आणि मग एका टाक्याला ३ बाइट, इतकं बाजूला सरक, इतकं वर सरक, बस्स. माप ०.१ मिलिमीटरचं, आणि एका दमात १२.१ मिलिमीटरच्या पुढं जाता येत नाही म्हणून लांब जायचं असलं की उड्यांचे, म्हणजे टाका न घालता सरकण्याचे, तुकडे पडतात. धागा कापायची वेगळी खूणसुद्धा नाही, सलग काही उड्या आल्या की मशीन कापतं, किती उड्यांनी ते मशीनच्या सेटिंगमध्ये बघायचं. आणि रंग? नाहीतच! इथं थांब, रीळ बदल, एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळं स्क्रीनवर गणपती हिरवा आणि सोंड निळी दिसली तर फाइल बिघडली म्हणून घाबरू नका, पंचिंगवाल्याकडून रंगांचा क्रम कागदावर लिहून घ्या.

घरगुती मशीनचं वेगळं. ब्रदरला पीईएस, त्यात रंग असतात पण व्हर्जनची भानगड आहे, जुनं मशीन नव्या व्हर्जनची फाइल दाखवतच नाही, मग जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून मागायची. उषा जॅनोमला जेईएफ, त्यात कापड ताणायच्या फ्रेमची साइजपण धरलेली असते. हुस्कव्हार्ना आणि फाफला व्हीपी३, मेल्कोचा ईएक्सपी जो बर्निनापण घेतं. डीएसटीचा पीईएस करून मिळतो पण जे रंग मुळातच नव्हते ते काय परत येणार नाहीत.

आता खरं सांगायचं ते हे, की वरचे सगळे जवळपास नुसते टाके आहेत. विलकॉम या पंचिंगच्या सॉफ्टवेअरचा ईएमबी तसा नाही, त्यात हा आकार सॅटिन टाक्यानं भरलाय, याची दाटी इतकी, हे अक्षर अमक्या फॉन्टचं असं मूळ काम असतं. आपल्याकडं तर हे जास्तच लागतं, मंडळाचं नाव मराठीत, शाळेचा बॅज कन्नडमध्ये. छातीवरचं डिझाईन पाठीवर मोठं करायचं म्हटलं आणि डीएसटी तसाच ताणला तर टाके तेवढेच राहतात, मधनं कापड दिसायला लागतं, आणि लहान केला तर एका जागी इतके टाके की सुई तुटते, जोडाक्षरं बुजतात, कन्नड अक्षरांची गोल पोटं तर पहिल्यांदा बंद होतात. मंडळाच्या नावात शहापूरच्या जागी वडगाव करायचं असलं तरी डीएसटीत अक्षर म्हणून काही नसतंच, परत पंचिंग आणि परत पैसे. म्हणून पैसे ठरवतानाच ईएमबीपण द्याल का हे विचारून घ्या. बरेच जण देत नाहीत किंवा जादा मागतात, त्यांचं पोट त्यावर आहे हेपण खरं, पण नेहमीच्या गिऱ्हाइकाचा लोगो असला तर ते जादाचे द्यावेत.

इरकलवर कसुती, म्हणजे कर्नाटकातलं हातचं भरतकाम, मशीननं करून द्या म्हणणारेपण येतात. त्यातला गवंती टाका दिसायला येतो, गेलेल्या वाटेनं परत यायचं तसं पंचिंग होतं, पण हातची गवंती उलटी-सुलटी सारखी दिसते आणि इथं मागं बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, धागा येणारच, तो कुठल्याच फॉरमॅटनं जाणार नाही, हे ऑर्डर घेतानाच सांगून टाकायचं.

विलकॉम परवडत नसेल तर इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरवर चालणारं इंक/स्टिच फुकट आहे. त्यात एसव्हीजी हीच मूळ फाइल, ती जपायची आणि तिच्यातनं डीएसटी, पीईएस, जेईएफ जे लागेल ते काढायचं. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आखूड ठेवा, आणि पेनड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करून घ्या, मशीनला फाइल दिसत नाही म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं तेवढ्यावरच काम होतं बघा.