झाकोपानेला येताय? आधी घड्याळ बघा, मग आभाळ

झाकोपाने हे दक्षिण पोलंडमधलं, टाट्रा पर्वताच्या पायथ्याचं गाव. इथलं मोर्स्क्ये ओको तळं बघायला जायचं तर गाडी पालेनित्सा ब्याऊचान्स्काच्या वाहनतळावर ठेवावी लागते, आणि तिथे ऐनवेळी पैसे देऊन गाडी लावता येत नाही. तारीख आणि गाडीचा नंबर टाकून जागा आधी ऑनलाइन घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारच्या जागा बऱ्याच आधी संपतात. हे माहीत नसलेला माणूस क्राकूफ शहरातून पहाटे निघतो, रांगेत थांबतो आणि फाटकावरून परत पाठवला जातो. 'पैसे द्यायला तयार आहे, मग अडवता कशाला?' हा पहिला विचार आपल्या मनात येतोच. पण मोर्स्क्ये ओको तळ्याकडे जाणारा रस्ता एकच आहे, तळ्यापाशी दरी संपते आणि दोन्ही बाजूंना राष्ट्रीय उद्यान आहे. गाड्या मोजल्या की गर्दीलाही आळा बसतो. भुशी धरणावर पावसाळी रविवारी वाहतूक आधी तुंबते, मग पोलिसांना रस्ता बंद करावा लागतो. तिथली गर्दी इथल्यापेक्षा कितीतरी मोठी असते, हे मान्यच. तरी आधी मोजून मग सोडण्याची ही रीत लोणावळ्यात अशक्य आहे असं मला वाटत नाही.

जागा मिळाली नाही तर गाडी झाकोपानेतच ठेवा. रेल्वे स्टेशनजवळच्या बसस्टँडवरून पालेनित्साला मिनीबस सुटतात, काचेवर 'मोर्स्क्ये ओको' अशी पाटी असते. भाडं चालकाला रोख द्यायचं, त्यामुळे सुट्टे झ्लॉटी, म्हणजे पोलिश चलन, जवळ हवेत. सकाळी सात-साडेसातच्या आत निघालात तर बस लवकर मिळते आणि रस्ताही मोकळा असतो. उद्यानाचं प्रवेश तिकीट वेगळं.

वाहनतळापासून तळं सुमारे नऊ किलोमीटर आहे. सगळा डांबरी रस्ता, चढ साधारण चारशे मीटर, आणि पाटीवर लिहिलेला वेळ सव्वादोन ते अडीच तास. डांबरी आहे म्हणून लोक सपाता घालून येतात आणि परतीच्या सहाव्या-सातव्या किलोमीटरला पायांना फोड येऊन बसतात. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर होतात, हे आजी-आजोबांना घेऊन निघण्यापूर्वी लक्षात घ्या. घोडागाड्या तळ्यापर्यंत नेत नाहीत, शेवटचा दीड-एक किलोमीटर तरी सगळ्यांनाच चालावं लागतं. चढावर गाडी ओढणाऱ्या घोड्यांवरून इथे बरीच वर्षं वाद चालू आहे. पाय धड असतील तर चालत जा, एवढंच माझं मत.

तळं १,३९५ मीटर उंचीवर आहे, क्षेत्रफळ जवळपास ३५ हेक्टर आणि खोली पन्नास मीटरच्या आसपास. बहुतेक जण काठावर फोटो काढून मागे फिरतात. समोरच्या काठावरून दगडी वाट वर चढते, ती पन्नास मिनिटांत चार्नी स्ताव या १,५८३ मीटरवरच्या दुसऱ्या तळ्याशी नेते. चढ खडा आहे, पण दोर-साखळ्या नाहीत. तिथे उभं राहिलं की खालचं मोर्स्क्ये ओको आणि डोक्यावर पोलंडचं सर्वोच्च शिखर रिसी (२,४९९ मीटर) एकाच नजरेत येतं. दिवसभराच्या पायपिटीतला हा तुकडा सोडू नका. पाण्यात उतरायला मनाई आहे, ड्रोनलाही.

आता माझ्या मते झाकोपानेतल्या सगळ्यात मोलाच्या गोष्टीबद्दल. ती म्हणजे वाटेवरच्या पाट्या आणि खुणा. पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असतो. झाडांवर आणि दगडांवर तीन पट्टे रंगवलेले असतात: वर-खाली पांढरा, मध्ये वाटेचा रंग. लाल, निळा, हिरवा, पिवळा, काळा असे पाच रंग, आणि या रंगांचा अवघडपणाशी काहीही संबंध नाही. आपले लोक इथेच फसतात. स्कीच्या उतारांवर रंगावरून अवघडपणा कळतो, म्हणून हिरवी वाट सोपी आणि काळी भयंकर असं धरून चालतात. इथे रंग फक्त एक वाट दुसरीपासून ओळखू यावी म्हणून आहे. काळी वाट दोन मोठ्या वाटांना जोडणारा साधा तुकडा असू शकते, आणि ओर्ला पेर्च ही टाट्रातली सगळ्यात धोकादायक वाट लाल आहे. अवघडपणा नकाशावर बघायचा.

पाटीवरचा वेळ मध्यम चालीच्या, धडधाकट माणसाचा असतो, न थांबता. त्यात डबा खाणं, फोटो, मुलांची कुरकुर धरलेली नसते. म्हणून येण्याचा आणि जाण्याचा वेळ मिळवायचा, कुटुंब बरोबर असेल तर दीडपट करायचा आणि मग निघण्याची वेळ ठरवायची. उदाहरण म्हणून ग्येवोंत हे शिखर घ्या. झाकोपानेच्या दक्षिण टोकाच्या कुझ्निट्सेहून वर साधारण तीन तास, खाली अडीच, म्हणजे साडेपाच. दीडपट केले की आठ-सव्वाआठ तास होतात. सकाळी सहाला निघालं तर दुपारी दोनच्या सुमारास खाली. दहाला निघालं तर शिखराजवळ असताना दुपारचे दोन-अडीच वाजतात, आणि उन्हाळ्यात टाट्रावर ढग भरून येण्याची हीच वेळ. शिवाय १ मार्च ते ३० नोव्हेंबर या काळात उद्यानातल्या वाटांवर संध्याकाळच्या अंधारापासून पहाटेपर्यंत चालायला बंदी आहे. आपल्याकडच्या नाइट ट्रेकची सवय इथे चालत नाही. डिसेंबरमध्ये ही बंदी नसली तरी सूर्य दुपारी पावणेचारच्या सुमारास मावळतो.

सह्याद्रीत घडलेल्या ट्रेकरला मी कमी लेखत नाही. घसाऱ्यावरून उतरणं, हरिहरच्या पायऱ्या चढणं, धुक्यात वाटाड्याच्या मागे नेमकं पाऊल टाकणं, हे सगळं ज्याला येतं त्याचे पाय इथल्या खडकावरही घाबरत नाहीत. खुणा नसलेल्या डोंगरात वाट काढण्याची आपली नजर इथल्या पुष्कळांकडे नसेल, कारण त्यांना तिची गरजच पडत नाही. पण दोन गोष्टी सह्याद्री शिकवत नाही: बर्फ आणि उघड्या कड्यावरची वीज.

विजेचं नीट सांगते. ग्येवोंत १,८९४ मीटरचा, माथ्यावर १९०१ मध्ये उभारलेला १५ मीटर उंचीचा लोखंडी क्रूस, आणि शेवटच्या टप्प्याला आधारासाठी लोखंडी साखळ्या. खडक चुनखडीचा, हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालेला, ओला झाला की घसरतोच. २२ ऑगस्ट २०१९ रोजी दुपारी इथे वीज कोसळली. त्या दिवशीच्या वादळात टाट्राच्या पोलिश बाजूला चार जणांचा मृत्यू झाला, त्यातली दोन मुलं होती, आणि दीडशेहून जास्त लोक जखमी झाले. साखळी धरून उभे असलेल्यांपर्यंत धक्का धातूतून पोचतो, त्यातून माथ्यावरची वाट अरुंद आणि रांग लांब, म्हणजे पळायलाही जागा नाही. म्हणून गडगडाट ऐकू आला की माथा कितीही जवळ असो, उलटं फिरायचं. साखळी सोडायची, धारेवरून खाली उतरायचं, एकट्या झाडापासून आणि गुहेच्या तोंडापासून लांब राहायचं. उतरणं शक्यच नसेल तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून, सॅकवर उकिडवं बसायचं. 'एवढ्या लांब आलोय तर दहा मिनिटांत टेकून येऊ' हे वाक्य तिथे कुणीही उच्चारू नये.

मदतीसाठी टोपर आहे, १९०९ पासूनचं टाट्रामधलं बचाव दल. नंबर ६०१ १०० ३००, आणि ११२ सुद्धा चालतो. फोनमध्ये 'रातुनेक' ॲप घेऊन ठेवा, त्यातून हाक दिली की तुमचं ठिकाण आपोआप त्यांच्याकडे जातं. घाबरलेल्या माणसाला परक्या भाषेत 'मी कुठे आहे' हे सांगता येत नाही, तेव्हा हे फार उपयोगी पडतं. पोलंडच्या बाजूला सुटकेचे पैसे लागत नाहीत. स्लोवाकियाच्या बाजूला मात्र बिल येतं, हेलिकॉप्टरचं तर खूपच मोठं. रिसीचा माथा आणि बऱ्याच धारा सीमेवर आहेत, तेव्हा विम्यात स्लोवाकिया आणि डोंगरातला बचाव हे दोन्ही लिहिलेलं आहे का ते तपासा. आपल्याकडेही सह्याद्रीतली स्वयंसेवक पथकं रात्री-अपरात्री पदरमोड करून दरीत उतरतात आणि कुणाकडे पैसे मागत नाहीत. त्यांच्याकडे हेलिकॉप्टर नसतं, जिद्द मात्र तीच.

बर्फाचं थोडक्यात. मे महिन्यात झाकोपानेत झाडं हिरवीगार असतात आणि उंच उत्तर उतारांवर टणक बर्फ असतो, कधी जूनपर्यंत. साध्या बुटांनी त्यावर पाऊल टाकलं की थांबायला आधार नसतो. हिवाळ्यात मोर्स्क्ये ओकोच्या रस्त्यासाठीही बुटावर चढवायचे छोटे दातेरी पट्टे, राच्की, जवळ ठेवा. ते गावात भाड्याने मिळतात. खड्या उतारासाठी राकी, म्हणजे बुटाखाली बांधायचे मोठे पोलादी काटे, आणि बर्फाची कुऱ्हाड लागते आणि ती वापरता यावी लागते. येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. हिमस्खलनाचा धोका एक ते पाच अशा आकड्यात रोज जाहीर होतो. तीन म्हणजे मध्यम असं आपल्याला वाटतं, पण तो मोठाच धोका आहे.

चालायचं नसेल तर कुझ्निट्सेहून कास्प्रोवी व्येर्खला (१,९८७ मीटर) १९३६ पासून केबल कार जाते. मध्ये एकदा डबा बदलावा लागतो. खाजगी गाड्या कुझ्निट्सेपर्यंत जात नाहीत. तिकीट ठराविक वेळेचं, आधी ऑनलाइन घ्यायचं. परतीच्या तिकिटावर वर थांबायला दीड-पावणेदोन तासच मिळतात. दक्षिणेकडून हाल्नी वारा सुटला की सेवा बंद पडते, म्हणून खाली दोन-सव्वादोन तास चालण्याची तयारी ठेवूनच वर जा. वरती ऑगस्टमध्येही जाकीट लागतं.

खाण्याच्या बाबतीत शाकाहाऱ्यांनी एक वाक्य पाठ करावं: 'बेझ मिएन्सा', मांसाशिवाय. बटाटा-पनीरच्या 'रुस्क्ये' पिएरोगींवर बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात, म्हणून 'बेझ स्क्फारेक' हेही सांगा. क्फाश्नित्सा म्हणजे आंबवलेल्या कोबीचं सूप, नावावरून शाकाहारी वाटतं, पण त्यात डुकराची बरगडी असते. झुरेकमध्ये सॉसेज. बिनधास्त घ्यावं ते मोस्कोल, तव्यावर भाजलेली बटाट्याची जाड पोळी, लसूण-लोण्याबरोबर. गरम असेल तर थालीपीठाची आठवण येईल.

ओस्त्सिपेक हे धुरावलेलं चीज क्रुपूफ्की या गावातल्या मुख्य बाजाररस्त्यावर बाराही महिने विकायला असतं, पण खरं ओस्त्सिपेक बाराही महिने बनत नाही. २००८ पासून त्याला युरोपियन युनियनचं संरक्षण आहे. त्यानुसार किमान ६० टक्के मेंढीचं दूध, चातीसारखा दोन्हीकडे निमुळता आकार, १७ ते २३ सेंटिमीटर लांबी आणि ६०० ते ८०० ग्रॅम वजन लागतं. मेंढ्या मे ते सप्टेंबर कुरणात असतात, चीज तेव्हाच तयार होतं. जानेवारीत हातात पडतं ते बहुधा गायीच्या दुधाचं गोऊका. ते वाईट नाही, शेगडीवर भाजून क्रॅनबेरीच्या मुरंब्याबरोबर झकास लागतं, फक्त मेंढीच्या चीजचे पैसे देऊ नका. उन्हाळ्यात कुरणातल्या बात्साच्या, म्हणजे मुख्य मेंढपाळाच्या झोपडीतून घेतलेलं सगळ्यात खात्रीचं. दूध फाडायला पारंपरिक पद्धतीत प्राण्याच्या जठरातून काढलेलं रेनेट लागतं, कडक शाकाहाऱ्यांनी हे विचारात घ्यावं.

क्रुपूफ्कीला एक संध्याकाळ पुरते. गुबावूफ्का टेकडीवर चढणाऱ्या फ्युनिक्युलरलाही, म्हणजे उतारावरच्या रुळांवरून दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीलाही, तेवढंच, दृश्य छान, माथ्यावर दुकानंच दुकानं.

परतीचं मात्र आधी ठरवा. क्राकूफचं अंतर शंभर-एकशेदहा किलोमीटर, बस मोकळ्या रस्त्यावर दोन-अडीच तासांत पोचते. २०२२ मध्ये वाटेत दोन किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला, तरी रविवारी दुपारनंतर हा रस्ता तुंबतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या आणि १५ ऑगस्टच्या जोडसुट्ट्यांना तर पाच तासही लागतात. विमान पकडायचं असेल तर रविवारी सकाळी दहाच्या आत झाकोपाने सोडा किंवा मुक्काम वाढवून सोमवारी निघा. बसचं तिकीट आसन क्रमांकासह आधीच घेऊन ठेवा.