तिळा तिळा दार उघड, हलबच्या आवाजात

शारजात आमच्या शेजारच्या आजी सीरियातल्या, हलबच्या. नकाशात आपण अलेप्पो वाचतो, तेच हे शहर. एप्रिलमध्ये त्यांनी वरून सिम्सिम् लावलेली गरम रोटी आणून दिली. सिम्सिम् म्हणजे तीळ. 'इफ्तह् या सिम्सिम्' म्हणजे आपलं 'तिळा तिळा दार उघड'. दारात उभी राहून मी नुसती हरखून गेले.

दर मे महिन्यात ठाण्याला आले की नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या मुलांचं नाटक बसवायचं, हा माझा नेम. यंदा अलिबाबा, तोही गाण्यांचा. ही गोष्टसुद्धा हलबचीच निघाली! तिथल्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने ती १७०९ साली पॅरिसमध्ये 'अरेबियन नाइट्स' फ्रेंचमध्ये आणणाऱ्या आंत्वान गालाँ यांना सांगितली आणि १७१७ मध्ये ती फ्रेंचमध्ये छापून आली.

सगळ्यात जास्त जीव ओतला तो अलिबाबाच्या भावाच्या, कासीमच्या गाण्यात. खजिन्यापुढे तो 'तीळ' शब्दच विसरतो आणि 'जवा, उघड' म्हणतो. आम्ही पुढे ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी अशी सगळी धान्यं घेतली. प्रत्येक धान्याला पेटी एक सूर वर जाते. आधी मुलं हसतात. वरीला तबला थांबतो आणि हॉल गप्प होतो.

मूळ गोष्टीत अलिबाबाच्या घरची दासी मर्जिना बुधल्यांमध्ये लपलेल्या ३७ चोरांवर उकळतं तेल ओतते. ते मी काढलं. आमची मर्जिना बुधल्यांची झाकणं दोरीने आवळते. तिची खरी हुशारी मला खडूच्या प्रवेशात दिसते. चोराने अलिबाबाच्या दारावर केलेली खूण ती शेजारच्या दारांवरही करते. आमच्याकडे ती खडू घेऊन प्रेक्षकांत उतरली आणि खुर्च्यांच्या पाठींवर फुल्या मारत सुटली. मागच्या रांगेतल्या आज्यासुद्धा 'इकडे, इकडे' करत होत्या.

गुहेचा आवाज शेजारच्या आजींचा. निघण्याआधी फोनवर रेकॉर्ड करून आणला होता. परत आल्यावर त्यांना व्हिडिओ दाखवला, तर स्वतःचा आवाज त्यांनी ओळखलाच नाही. खडूवाली पोरगी दिसली तशा मात्र सरसावून बसल्या. 'मुर्जाना!' म्हणाल्या, आणि बोटातल्या अंगठीतलं पोवळं दाखवलं. मुर्जान म्हणजे पोवळं.

पुढचा प्रयोग गणपतीत आहे. मर्जिनाची ओढणी पोवळ्याच्या रंगाची शिवून घ्यायला आईला सांगितलंय.