आडवं वारं: लिंकन ते सांबरा

सांबऱ्याची, म्हणजे बेळगावच्या विमानतळाची, धावपट्टी पूर्व-पश्चिमच का, हा प्रश्न बेळगावात कुणी विचारत नाही. मलाही तो इंग्लंडात, लिंकनला नोकरीसाठी राहायला लागल्यावर पडला. सध्या रजेवर गावी आलोय, आषाढाचं वारं दारं आपटतंय, तर तिथलं आणि इथलं एकदा मांडून बघतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लिंकनशायरमध्ये चाळीसहून जास्त विमानतळ होते. जर्मनीवर जाणारी बरीच बॉम्बफेकी विमानं तिथून उडायची. त्यामुळे त्या भागाला अजूनही 'बॉम्बर काउंटी' म्हणतात. युद्ध संपल्यावर बरेच तळ पुन्हा शेतीत गेले, पण काँक्रीट उखडायलाही खर्च येतो. त्यामुळे काही ठिकाणी ते तसंच पडून राहिलं. ईस्ट कर्कबीच्या जुन्या धावपट्टीवर कोंबड्यांच्या शेडा आहेत आणि बाजूच्या संग्रहालयात एक लँकेस्टर विमान आहे. हेम्सवेलच्या तळावर जुन्या फर्निचरचा मोठा बाजार भरतो. सायकल घेऊन अशा ठिकाणी गेलं की झाड नाही, कुंपण नाही, आणि वारं सरळ छातीवर येतं.

या तळांचा नकाशा बघितला तर बहुतेक ठिकाणी तीन धावपट्ट्या एकमेकींना छेदताना दिसतात. १९४२ च्या सुमाराचा ठरलेला आराखडा असा होता: मुख्य पट्टी २००० यार्ड, बाकीच्या दोन १४०० यार्ड. मुख्य पट्टी जमेल तिथं नैर्ऋत्य-ईशान्य टाकायची, कारण इंग्लंडात जास्त वेळा वारं नैर्ऋत्येकडून येतं. पट्टी वाऱ्याच्या रेषेत का, त्याचं उत्तर सोपं आहे. विमानाला जमिनीवरच्या वेगाचं काही देणंघेणं नसतं. त्याला पंखांवरून जाणारी हवा हवी असते. समोरून २० नॉट वारं असेल तर विमान उभं असतानाच तेवढा वेग जमेला असतो. म्हणून उडताना आणि उतरताना दोन्ही वेळा तोंड वाऱ्याकडे. उरलेल्या दोन पट्ट्या कशाला? वारं दिशा बदलेल तेव्हासाठी, कारण त्या काळची शेपटाखाली चाक असलेली विमानं आडव्या वाऱ्यात भरकटायची.

सांबऱ्याचा तळही त्याच ब्रिटिश हवाई दलानं बांधला आणि तोही १९४२ सालीच, प्रशिक्षणासाठी. पुढे १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी हंटर विमानं इथूनच उडाली. हवाई दलाची जवानांची प्रशिक्षण शाळा आजही तिथंच आहे. २०१७ मध्ये नवीन टर्मिनल झालं. आता पट्टी २३०० मीटरची आहे. तिच्या एका टोकावर ०८ लिहिलंय, दुसऱ्यावर २६. होकायंत्राच्या अंशातला शेवटचा आकडा गाळला की हे आकडे मिळतात. ०८ म्हणजे ८० अंश, जवळजवळ पूर्व. २६ म्हणजे २६० अंश, जवळजवळ पश्चिम. बेळगावच्या वाऱ्याच्या दोन दिशा डांबरावर रंगवून ठेवल्या आहेत म्हणा ना.

खरा फरक आहे तो इथे. लिंकनमध्ये 'जास्त वेळा नैर्ऋत्येकडून' याचा अर्थ 'आज नैर्ऋत्येकडून' असा होत नाही. अटलांटिकवरून एकामागून एक कमी दाबाचे पट्टे येतात. सकाळी दक्षिणेचं वारं दुपारी पश्चिमेचं होतं आणि रात्री वायव्येचं. वसंतात तर उत्तर समुद्रावरून पूर्वेचं गार वारं आठवडाभर हाडं गोठवतं. हेकिंग्टनला आठ पात्यांची जुनी पवनचक्की आहे. तिच्या टोपीच्या मागे एक छोटं चक्र बसवलेलं आहे. वारं फिरलं की ते चक्र स्वतःच फिरून सगळी टोपी वाऱ्याकडे वळवतं. माणसानं किती वेळा वर चढायचं! मीही रोज सकाळी मोबाईलवर वाऱ्याचा बाण बघितल्याशिवाय सायकल बाहेर काढत नाही.

बेळगावात महिना सांगितला की दिशा कळते. जून ते सप्टेंबर पश्चिमेचं. दिवाळीच्या आगेमागे ते फिरतं आणि मग थंडीभर पूर्वेचं, कोरडं. मार्च-एप्रिलात दिवसभर होरपळ, आणि संध्याकाळी समुद्राकडून पुन्हा पश्चिमेची झुळूक येते. बेळगावकर तिच्यावर उगाच फुशारकी मारत नाहीत.

सांबरा आणि बाळेकुंद्रीच्या मध्ये आमच्या आण्णांचं शेत आहे. आण्णा म्हणजे माझे थोरले काका. विमान कुठल्या बाजूनं उतरतं ते बघून ते वारं सांगतात. पावसाळ्यात विमान त्यांच्या डोक्यावरून, पूर्वेकडून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरतं. "विमान शहराच्या अंगानं उतरालं म्हंजे वारं फिरलं बघ," ते म्हणतात. "मग भात कापायला हरकत नाही." मी त्यांना लिंकनच्या तीन पट्ट्यांचं सांगितलं, तर म्हणाले, "खरं एवढं लांब जाऊन तू वारंच बघालाईस काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पश्चिमेचं हे वारं एवढं जोरात का येतं? मोसमी वारे विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावर येतात तेव्हा त्यांचा सगळ्यात वेगवान झोत समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो. हवामानाचे अभ्यासक त्याला सोमाली जेट म्हणतात. बेळगाव आहे साडेसातशे मीटरवर, आणि आपल्याकडचा सह्याद्री त्या झोताला अडवण्याइतका उंच नाही. पाऊस आंबोलीला उतरतो, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास. बेळगावपर्यंत येईतो पाऊस बराच सांडलेला असतो, वारं मात्र शिल्लक राहतं. पुढे सौंदत्तीच्या उघड्या माळावरच्या पवनचक्क्या त्यावरच चालतात.

रस्त्यावर याचा त्रास सर्वांत जास्त होतो तो पुणे-बेंगळुरू हायवेला, कारण तो उत्तर-दक्षिण जातो आणि वारं कायम कुशीतून लागतं. लिंकनला याची जोड म्हणजे ए-१५. तोही उत्तर-दक्षिण, मूळचा रोमन रस्ता, चुनखडीच्या लांबलचक कड्यावरून सरळ जाणारा. विमानतळही याच कड्यावर ओळीनं आहेत. स्कॅम्प्टनच्या तळाची तर १९५० च्या दशकात धावपट्टी वाढवली तेव्हा या रोमन रस्त्यालाच वळसा घ्यायला लावला! पुढे हाच रस्ता हंबर पुलावरून जातो. वारं वाढलं की उंच गाड्यांना पूल बंद होतो, आणि ड्रायव्हर मुकाट्यानं दुसऱ्या वाटेनं जातात. आपल्याकडे काकतीपासून सुतगट्टी घाटापर्यंत अशी पाटी नाही. जुन्या रस्त्याची मोठी झाडं चौपदरीकरणात गेली, त्यामुळे आडोसाही नाही. दुचाकीवाल्यांना एवढंच सांगेन: पावसाळ्यात ट्रकला मागे टाकताना ट्रकच्या आड वारं एकदम थांबतं, आणि केबिन ओलांडली की तितकंच एकदम लागतं. त्या क्षणी हँडल सैल असेल तर गाडी हातभर सरकते. कडबा किंवा उसाची चिपाडं भरलेली गाडी असेल तर आणखी लांबून जा.

सायकलवाल्यांचा हिशेब वेगळा. ताशी २० च्या वेगानं चालवताना समोरून ताशी २० चं वारं आलं की हवेचा विरोध चौपट होतो, दुप्पट नाही. चढाला निदान माथा तरी असतो. म्हणून लिंकनमध्येही आणि इथेही, ताजे पाय असताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि परतताना त्याच्या खांद्यावर बसून यायचं. या दिवसांत बागलकोट रस्त्यानं पूर्वेला सांबऱ्याकडे निघालेली पोरं उड्या मारत जातात आणि येताना निलजीपाशीच चहाला थांबतात.

मी पश्चिमेचा वेंगुर्ला रस्ता धरणार आहे. येत्या रविवारी हिंडलगा, उचगाव फाटा, बाची करत शिनोळीपर्यंत. तिथं पाट्या मराठी होतात आणि वडापाव गरम मिळतो. सकाळी सहाला हिंडलग्याच्या गणपतीपाशी उभा असेन. येणाऱ्यांनी रेनकोट आणावा, छत्री नको.