घाटावरचे काव्यवाचन : अकरा वाचनांची नोंद

गेल्या कोजागरीला वाईच्या गणपती घाटावर आम्ही नऊ हौशी मंडळींनी पहिले जाहीर काव्यवाचन केले आणि त्यानंतर महिन्याला एक या हिशेबाने आजवर अकरा वाचने पार पडली. प्रत्येक वाचनानंतर घरी येऊन काय जमले आणि काय फसले ते मी एका वहीत लिहून ठेवत आलो आहे. आपापल्या गावी असा उपक्रम चालवणाऱ्या किंवा चालवू पाहणाऱ्या मंडळींना त्यातले काही उपयोगी पडेल, म्हणून तो मजकूर थोडा सावरून मांडतो. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका, हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारे एक गृहस्थ, एक परिचारिका, महाविद्यालयात शिकणारी दोन मुले आणि उरलेले माझ्यासारखे नोकरदार आहेत. कोणाचाही कवितासंग्रह प्रकाशित झालेला नाही. सुरुवातीला हे उणेपणाचे वाटत असे, आता वाटत नाही.

पहिल्या वाचनाला चाळीसएक माणसे होती, पण त्यांतील बरीच आटीव दुधासाठी आली होती, हे दूध संपल्यावर कळले. व्यासपीठ उंच असते या सवयीने आम्ही वाचणाऱ्याला घाटाच्या वरच्या पायरीवर उभे केले आणि श्रोत्यांना खाली बसवले होते. परिणामी आवाज लोकांच्या डोक्यांवरून थेट कृष्णेच्या पात्रावर गेला आणि खालच्या पायरीवरच्या माणसांना पुलावरून जाणाऱ्या गाड्याच अधिक ऐकू आल्या. दुसऱ्या वेळी मांडणी उलटी केली. श्रोते चढत्या पायऱ्यांवर, वाचणारा सर्वांत खाली पाण्याकडे पाठ करून. एवढ्या एका बदलाने निम्मे काम झाले. घाटावरच्या गणपती मंदिराची मागची भिंत पुराचे पाणी कापले जावे म्हणून माशाच्या आकाराची बांधलेली आहे, हे गावातले लहान मूलही सांगेल. बांधणाऱ्यांनी पाण्याचा एवढा विचार केला होता आणि आम्हाला आवाजाचा एवढाही करता आला नव्हता, याची थोडी लाज वाटली.

त्याच दुसऱ्या वाचनानंतर एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "तुमची पहिली कविता कुणालाच ऐकू येत नाही हो. लोक बसतच असतात तेव्हा." त्यांचे खरे होते. चपला काढायच्या, सतरंजीवर जागा करायची, ओळखीच्यांना मान हलवायची, एवढ्यात पहिल्या कवीची कविता संपून गेलेली असते. तेव्हापासून आम्ही आरंभी आमच्यापैकी कोणाचीही कविता वाचत नाही. सगळ्यांना शाळेपासून पाठ असलेली एखादी जुनी कविता घेतो, कारण ती अर्धी ऐकली तरी उरलेली अर्धी माणूस मनात पुरी करतो.

पुढे जे जे बदल करावे लागले, त्यांच्या मुळाशी हीच एक गोष्ट निघाली. ऐकणाऱ्याच्या हातात कागद नसतो. वाचक मागे जाऊ शकतो, अडलेल्या शब्दावर थांबू शकतो, किती ओळी उरल्या ते पाहू शकतो. श्रोत्याला यातले काहीच करता येत नाही. आम्ही मात्र पहिले तीन महिने समोरच्यांच्या हातात आमची वही आहे असे समजूनच वाचत होतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण डिसेंबरच्या वाचनात मिळाले. आमच्या परिचारिका ताईंनी नळाच्या पाण्यावर एक मुक्तछंदातली कविता लिहिली होती. तिच्यातील आई कामावर निघताना मुलीला सांगते,

पाणी नाही
आले तर हंडे भरून ठेव

कागदावर या दोन ओळी लख्ख आहेत. आत्ता पाणी नाही, पण आले तर भरून ठेव. ताईंनी मात्र घाईत दोन्ही ओळी एका श्वासात वाचल्या आणि मागच्या पायरीवरून एका गृहस्थांनी अगदी सरळ मनाने विचारले, "पाणी नाही आलं तर हंडे भरायचे कशानं?" सगळे हसले, ताईही हसल्या, पण घरी जाताना त्या गप्प होत्या. कविता चुकली नव्हती, वाचन चुकले होते. छापलेल्या कवितेत ओळ जेथे तुटते तेथे अर्थ वळतो आणि ते वळण आवाजाने दाखवले नाही तर ते अस्तित्वातच राहत नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी तीच कविता पुन्हा वाचली. 'नाही'नंतर त्या एक मात्रा थांबल्या आणि 'आले तर' हे शब्द किंचित वरच्या पट्टीत घेतले. या वेळी कोणी प्रश्न विचारला नाही. मुक्तछंदाची कविता वाचताना ओळीच्या शेवटी अर्धा श्वास थांबायचे, हा नियम आम्ही त्या दिवसापासून पाळतो. वाक्य पुढच्या ओळीत जात असेल तेथे थांबण्याआधी आवाज खाली पडू द्यायचा नाही, एवढी पुरवणी त्याला नंतर जोडली.

वृत्तबद्ध कवितेची अडचण याच्या अगदी उलट निघाली. अडतीवरच्या काकांनी दुष्काळावर एक गंभीर कविता शार्दूलविक्रीडितात लिहिली आहे. एकोणीस अक्षरांची ओळ, बाराव्या अक्षरावर यती म्हणजे ठरलेला थांबा, गणांत कोठेही चूक नाही. मराठी विश्वकोशाचे काम जेथे चालते त्या आमच्या गावात श्रोत्यांमध्ये मात्रा मोजणारे दोघे-तिघे तरी असतातच आणि त्यांनीही मान डोलावली. पण काकांनी ती चालीवर म्हटली. मंगलाष्टके याच वृत्तात असतात, हे त्यांच्या लक्षात आले नाही आणि आमच्याही नाही. पहिले कडवे संपताच पुढे बसलेल्या पोरांनी एका सुरात "सावधान" म्हणून आरोळी ठोकली. एका छोकऱ्याने तर अक्षता टाकल्यासारखा हातही केला. जळून गेलेल्या शिवाराच्या कवितेवर असा लग्नाचा मांडव पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या रात्री चहावर बराच वाद झाला. मुख्याध्यापिका बाईंचे म्हणणे असे की वृत्त चालीशिवाय म्हणणे म्हणजे त्याचा प्राण काढून घेणे आहे. मुलांचे म्हणणे असे की चाल लावली की लोक चाल ऐकतात, कविता ऐकत नाहीत. हा वाद आमच्याच गटातला नाही. पुण्यात 1923 साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता जाहीरपणे गाऊन दाखवण्याची प्रथा रुजवली आणि तिच्यामुळे कविता पुस्तकाबाहेर, घराघरांत पोहोचली, हे मान्य करावेच लागेल. पुढच्या पिढीत विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी एकत्र येऊन गावोगाव काव्यवाचनाचे कार्यक्रम केले. ते गाणे नव्हते, बोलणे होते, आणि त्यासाठीही सभागृहे भरत असत. म्हणजे दोन्ही वाटांनी लोक येतात. माझे स्वतःचे मत मुलांच्या बाजूने झुकते, कारण मनाच्या श्लोकांमुळे भुजंगप्रयात आणि मंगलाष्टकांमुळे शार्दूलविक्रीडित या दोन वृत्तांच्या चाली मराठी कानात इतक्या मुरलेल्या आहेत की त्यांत नवा मजकूर घातला तरी जुनाच प्रसंग उभा राहतो.

शेवटी तडजोड अशी ठरली की वृत्तातली कविता चालीवर म्हणायची नाही, पण गद्यासारखी सपाटही वाचायची नाही. लघुगुरूंची लांबी पाळायची, यतीवर थांबायचे आणि स्वर मात्र बोलण्याचा ठेवायचा. हे ऐकायला सोपे वाटते, पण काकांना ते जमायला तीन महिने लागले, कारण आठव्या-नवव्या अक्षरापर्यंत पोहोचले की त्यांचा गळा आपोआप चालीकडे वळत असे. मे महिन्यात त्यांनी ती कविता पुन्हा वाचली तेव्हा पोरे तीच होती, पण आरोळी आली नाही. बाराव्या अक्षरावर ते थांबले की घाट खरोखर शांत होत होता.

माइकबद्दल थोडक्यात सांगतो. आम्ही मंडपवाल्याकडून एक माइक आणि दोन स्पीकर भाड्याने घेतो. स्पीकर वाचणाऱ्याच्या मागे ठेवले की शिट्टी वाजते, म्हणून ते त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. माइक ओठांसमोर धरला तर प, फ आणि भ या अक्षरांना धपकन् आवाज येतो. तो चार बोटे दूर आणि किंचित बाजूला धरला की येत नाही. मार्चमध्ये मध्येच वीज गेली आणि त्या संध्याकाळच्या उरलेल्या सहा कविता माइकशिवाय झाल्या. त्या दिवशी सर्वांनी आपोआप सावकाश वाचले, कारण घाई केली तर आवाज पोहोचत नव्हता. आता सरावाच्या दिवशी आम्ही माइक वापरतच नाही.

कविसंमेलनांत एक जुने दुखणे असते, ते येथेही होते. आपली कविता झाली की कवी उठून जातो आणि शेवटच्या कवीसमोर सतरंजी गुंडाळणारा मुलगा तेवढा उरतो. कानउघाडणी करून पाहिली, उपयोग झाला नाही. मग चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. प्रत्येक कवितेनंतर डब्यातून एक चिठ्ठी निघते आणि तिच्यावर ज्याचे नाव असेल त्याने उठायचे. आपला क्रम केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नसल्याने प्रत्येक जण थांबतो. ज्याचे आधी होऊन गेले तोही थांबतो, कारण दुसऱ्या फेरीची चिठ्ठी अजून डब्यात असते. दुसरी फेरी दुसऱ्या कवींच्या कवितांची असते. प्रत्येकाने एक आपली आणि एक दुसऱ्या कवीची कविता वाचायची, असा दंडक जानेवारीपासून आहे आणि माझ्या मते आमच्या वाचनात सर्वांत जास्त सुधारणा त्यानेच झाली. दुसऱ्याची कविता वाचताना माणूस तिला समजावून सांगत बसत नाही. स्वतःच्या कवितेआधी मात्र ती कोठे सुचली, केव्हा सुचली, बसमध्ये सुचली तर खिडकीजवळ की दाराजवळ, हे सारे सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. कवितेआधी दोन वाक्यांहून अधिक बोलायचे नाही, हा नियम मी स्वतः दोनदा मोडला आहे, तेव्हा याविषयी अधिक लिहीत नाही.

वाचनाचे ध्वनिमुद्रण आम्ही गटापुरते ठेवतो. ते बाहेर द्यायचे झाले तर स्वतःच्या कविता, किंवा ज्यांच्या निधनाला 60 वर्षे होऊन लेखनाचा स्वामित्वहक्क संपला आहे अशाच कवींच्या कविता देतो. बालकवी, केशवसुत, बहिणाबाई चौधरी यांच्याबाबत ही अडचण येत नाही. बालकवींची एक कविता मुलांनी जूनमध्ये वाचली, तेव्हा 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनाची गोष्ट ओघाने निघाली. तेथे एका कोवळ्या मुलाचे वाचन ऐकूनच त्याला 'बालकवी' हे नाव मिळाले होते. आमच्यातल्या धाकट्याला त्यानंतर काही दिवस सगळे त्याच नावाने हाक मारत होते. त्याला ते फारसे आवडले नाही.

जागेचे वेळापत्रक वाईत जपूनच करावे लागते. हिवाळा सरत आला की कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर क्रमाने सुरू होतो आणि त्या दिवसांत घाट उत्सवाचाच असतो. यात तक्रार करण्यासारखे काही नाही, आम्हीही तेथे प्रसादाला जातो. 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी म्हणूनच एक सभागृह आधीपासून सांगून ठेवले होते. त्या संध्याकाळी जाऊन पाहतो तो तेच सभागृह एका साखरपुड्याला दिलेले. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी दोन्ही नोंदी दाखवल्या, दोन्ही त्यांच्याच अक्षरातल्या होत्या. आम्ही बाईंच्या अंगणात वाचन केले, बावीस माणसे आली, आणि शेजारच्या घरातील कुकरच्या शिट्ट्यांनी यती सांभाळले. पावसाळ्यात धोम धरणातून पाणी सोडले की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, त्यामुळे जुलै आणि ऑगस्टची वाचनेही त्याच अंगणाच्या पडवीत झाली. पडवीत पत्र्यावरच्या पावसापुढे कोणाचेही काही चालत नाही. ऑगस्टमध्ये तीन कविता पाऊस थांबेपर्यंत तशाच अडवून ठेवल्या होत्या.

अकराव्या वाचनाला पस्तीस माणसे होती आणि दूध नव्हते. त्यांतील वीसेक जण कविता न लिहिणारे आहेत. वहीत मी हाच आकडा वेगळा लिहितो, बाकीचे आकडे केवळ सतरंज्यांच्या हिशेबासाठी. वाहक आजोबा एकदाही चुकलेले नाहीत. गेल्या वेळी मी त्यांना विचारले, एखादी कविता वाचाल का. "मी ऐकायला येतो," एवढे म्हणून ते चपला शोधू लागले.

येत्या कोजागरीला बारावे वाचन आहे आणि एक अडचण अजून सुटलेली नाही. धाकट्याला गझल वाचायची आहे. तिच्यात दोन ओळींच्या प्रत्येक शेराच्या शेवटी रदीफ, म्हणजे तोच शब्द किंवा तेच शब्द, परत येते, तिसऱ्या शेरापासून श्रोते ती आपणच आधी म्हणून मोकळे होतात आणि वाचणाऱ्याचा शेवटचा शब्द त्यांच्या आवाजात बुडतो. बाई म्हणतात, बुडू द्यावा, तीच दाद आहे. धाकटा म्हणतो, काफिया, म्हणजे रदीफेच्या आधीचा यमकाचा शब्द, तरी ऐकू आला पाहिजे. तूर्त त्याने काफियापाशी क्षणभर थांबून मग रदीफ लोकांवर सोडायची, असे ठरले आहे. शनिवारी पडवीत त्याचा सराव आहे, माइकशिवाय.