काटा घाटातच का चढायचा

बहादूरशेख नाक्यावरून कराडच्या रस्त्याला लागलं की खेर्डी, शिरगाव, पोफळीपर्यंत आमची जीप अगदी गुणी. सकाळी निघालो तर टेंपरेचरचा काटा शिरगावपर्यंत जागचा हलायचाही नाही. कुंभार्ली घाट सुरू झाला की मात्र चौथ्या-पाचव्या वळणाला काटा अर्ध्याच्या वर जायचा आणि माथा यायच्या आत लाल पट्टीला टेकायचा. मग गाडी बाजूला घ्यायची, दोन मिनिटं स्लोला चालू ठेवायची, बंद करायची आणि अर्धा तास वाट बघायची. मागे बायको, दोन मुलं आणि पाटणला सासुरवाडीला न्यायचं सामान.

गाडी २००३ सालची, डिझेल. मी ती चार वर्षांपूर्वी सोलापूरकडून आणली. हे सोलापूर पुढे कामाला आलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पहिल्या मेस्त्रींनी बोनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, ‘हेड गॅसकेट गेलं. हेड उतरवायला लागेल, पस्तीसेक हजार धरून चाला.’ दुसरे म्हणाले वॉटर पंप. तिसरे म्हणाले, पंखा मोठा बसवा. तिघांचीही हयात गाड्यांखाली गेलेली, पण काटा नेमका कधी चढतो, हे तिघांपैकी कुणीच विचारलं नाही. मला तर तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटत होती. ट्रॅफिकमध्ये उभी असताना गाडी गरम होते आणि पळायला लागली की गार होते, तर दोष हवेचा: पंखा, पट्टा, जाळीत अडकलेला चिखल. इथे उलटं होतं. उभी असताना काही नाही, जोर पडला की गरम. म्हणजे पाणी फिरत नसावं, नाहीतर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरत असावा.

गॅसकेट म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरचं हेड यांच्यामधली पट्टी, ती फाटली की गॅस पाण्यात शिरतो. पस्तीस हजारांचा प्रश्न होता, म्हणून गॅसकेटचा निकाल आधी लावायचं ठरवलं. त्याला खर्च काहीच नाही. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण घट्ट लावलं आणि ओव्हरफ्लोची बारीक नळी पाण्याच्या बाटलीत बुडवली. गाडी चालू करून वरचा होज पाइप, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरला नेणारा, हातात धरून बसलो. डिझेल इंजिनात दाब फार मोठा असतो. गॅसकेटला वाट मिळालेली असेल तर पाणी कोमट व्हायच्या आतच तो पाइप दगडासारखा कडक होतो आणि बाटलीत बुडबुडे थांबत नाहीत. दहा मिनिटं बसलो. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले, मग बंद. पाइप मऊच. ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइल काळंच होतं, दुधाळ झालेलं नव्हतं. हेड उतरवायचं नाही, हे त्या दिवशी नक्की केलं.

फॅन बेल्ट ताणून बघितला, जाळी समोरून स्वच्छ होती. पंपाखालच्या बारीक भोकातून पाणी झिरपल्याची खूण नव्हती, पंखा धरून हलवला तर बेअरिंगला खेळ नव्हता. रेडिएटरच्या झाकणाचं रबर मात्र चिरलेलं. झाकणाची किंमत कमी म्हणून लोक त्याच्याकडे बघत नाहीत, पण पाण्यावर दाब धरायचं काम त्याचंच. ०.९ बारचा दाब धरला तर आतलं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण ढिलं असेल तर ते शंभरालाच उकळायला लागतं. ते बदललं. घाटात फरक पडला तो दोन वळणांचा.

मग सापडला खालचा होज पाइप, रेडिएटरात गार झालेलं पाणी पंपाकडे नेणारा. रविवारी दुपारी इंजिन गरम करून मुलीला आत बसवलं आणि रेस द्यायला सांगितलं. मी बाजूला उकिडवा बसून खालच्या पाइपाकडे बघत होतो. स्लोला पाइप गोल. ती रेस वाढवत गेली तसा पाइप मधोमध आत जायला लागला, आणि शेवटी पोळीसारखा चपटा झाला. रेस सोडली की फटकन परत गोल. पंप ओढतोय आणि पाइप स्वतःच पाण्याची वाट बंद करतोय! नुसत्या स्लोला ठेवलेल्या गाडीत हे कधीच दिसलं नसतं. पाइप काढला तर आतली स्प्रिंग गंजून तिचे तुकडे पडलेले.

नवा पाइप, नवी स्प्रिंग. वाटलं संपलं. पुढच्या शनिवारी घाट चढलो. काटा माथ्यापर्यंत लालला टेकला नाही, पण अर्ध्याच्या बराच वर गेला. बायको म्हणाली, ‘आधीपेक्षा बरं आहे ना, चालवू या.’ मला ते पटेना. पंप इतका जोर लावून का ओढत होता? पाइप मऊ झाला होता हे खरं, पण वरून पाणी नीट येत असतं तर तो चपटा व्हायचं कारणच नव्हतं.

तेव्हा टेंपरेचर गन आणली. करोनात घरोघरी आलेली कपाळाची गन इथे चालत नाही, ती बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे मोजत नाही. कारखान्यात वापरतात ती लागते. आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर मारली तर ती चुकीचा आकडा दाखवते. मी जागोजागी काळी टेप चिकटवली आणि टेपवर मारली. वरचा पाइप ९२, खालचा ५८. चांगल्या रेडिएटरात हा फरक दहा-बारा अंशांच्या आसपास असतो. रेडिएटर फार चांगलं गार करतोय असं इथे वाटेल, पण अर्थ उलटा आहे. पाणी इतकं थोडं आणि सावकाश येतंय की वाटेतच गार होतंय, आणि बाकीचं इंजिनात तापत बसलंय. मग जाळीवर आडवी गन फिरवली. डावीकडे ७६, मध्ये ७१ आणि उजवीकडच्या वीतभर पट्ट्यात ४७.

रेडिएटरवाले चाचा तांब्या-पितळेच्या रेडिएटरचं काम अजून करतात. त्यांनी खालचं तोंड हाताने दाबून धरलं, वरून रेडिएटर भरला आणि हात काढला. पाणी बदाबदा पडायला हवं होतं, पडली ती धार. वरच्या टाकीचा सोल्डरचा डाग गॅसने सोडवून टाकी उचलली, तेव्हा नळ्यांची तोंडं दिसली. उजवीकडच्या रांगा पांढऱ्या-तपकिरी खड्याने पार बुजलेल्या. चाचांनी तो खडा नखाने खरवडला आणि मला विचारलं, ‘गाडी घाटावरची का? बोअरचं पाणी आहे हे.’ मी सोलापूर म्हणालो. त्यांनी नुसती मान डोलावली. पातळ पट्टीचा रॉड एकेका नळीतून वर-खाली घालत त्यांनी दुपार काढली. खाली साचलेला भुगा मी ओंजळीत घेतला, ओल्या चुन्यासारखा लागत होता.

रेडिएटर येईपर्यंत थर्मोस्टॅटचं घर उघडलं. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसं तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप. आत थर्मोस्टॅटच नाही! ‘काढून टाका, गाडी गार राहील’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात, सोलापूरच्या उन्हात कुणीतरी तो ऐकला असणार. सकाळी काटा शिरगावपर्यंत का हलत नव्हता, ते इथे कळलं. या इंजिनात थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणारं, भोक बंदही करतो. तोच नसला तर भोक कायम उघडं, आणि समोर बुजलेला रेडिएटर असला की पाणी सोपी वाट धरून इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं. म्हणजे थंड असताना जास्त थंड, गरम असताना जास्त गरम. थंड डिझेल इंजिन डिझेल नीट जाळत नाही, धूर आणि झीज दोन्ही वाढतात. मेस्त्री लोकांना माझी कळकळीची विनंती आहे, हा सल्ला देणं बंद करा.

नवा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याने टांगून गॅसवर ठेवला, शेजारी थर्मामीटर. ८२ ला जरा फट पडली, नव्वदीच्या पुढे चांगला उघडला. आधी साध्या पाण्याने दोनदा धुऊन काढून मग कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. गाडीचं तोंड चढाकडे करून, झाकण उघडं ठेवून सगळी हवा निघेपर्यंत चालू ठेवली.

पुढच्या शनिवारी पोफळीच्या आधीच, सकाळीच, काटा अर्ध्यावर आलेला होता. घाटात तो तिथून बोटभर वर गेला आणि माथ्यावर खाली आला. हेळवाकला थांबून बोनेट उघडलं, झाकणाला हात न लावता फक्त टेपवर गन मारली. वर ९१, खाली ८०. मुलगी म्हणाली, ‘बाबा, मी रेस देऊ?’ तिने रेस दिली, खालचा पाइप गोलच राहिला. दुसऱ्या दिवशी पाटणला सकाळी बाटली बघितली, कुलंट मी पेनने मारलेल्या रेघेवरच होतं.