तुम्ही विचारलंत म्हणून: बोट एवढी हळू का चालवता?

माझी रिमोटवाली बोट चालताना ज्यांनी ज्यांनी बघितली त्या सगळ्यांचा हा एकच प्रश्न असतो. लहान मुलं सरळ म्हणतात, काका फुल स्पीड मारा ना. मोठी माणसं जरा घुमवून विचारतात, म्हणजे एवढा खर्च केलात, एवढी बारीक बारीक रेलिंगं चिकटवलीत, मग मोटर जरा पॉवरफुल नाही का मिळाली? मिळाली, चांगली पॉवरफुल आहे. मी तिला मुद्दाम बांधून ठेवलीय. बोट हळू चालत नाहीये, ती बरोबर स्पीडने चालतेय, आणि हे बरोबर म्हणजे काय ते सांगायला मला थोडा वेळ लागतो म्हणून इथे एकदाच लिहून टाकतो.

आधी बोट कुठली ते. फ्लॉवर क्लास कॉर्व्हेट, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मन पाणबुड्यांच्या मागे लावलेलं छोटं जहाज, डिझाइन मुळात व्हेल पकडणाऱ्या जहाजावरून घेतलेलं आणि नावं सगळी फुलांची. 1:72 स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या 72 पट लहान, किट मॅचबॉक्स कंपनीने पहिल्यांदा काढला, नंतर रेव्हेल कंपनीने तोच परत परत आणला. तसा हा शोकेसमध्ये ठेवायचा प्लॅस्टिक किट, पण जगभर लोक त्यात मोटर घालून पाण्यात सोडतात कारण हल, म्हणजे बोटीचं खालचं अंग, चांगला ऐसपैस आहे, जवळजवळ 87 सेंटीमीटर. आणि मी हाच का घेतला, तर या क्लासची काही जहाजं युद्धाच्या शेवटी रॉयल इंडियन नेव्हीकडे आली, त्यांची नावं आसाम, सिंध, गोंडवन, आणि 1946 मध्ये आलेलं चौथं, एचएमआयएस (रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजांच्या नावापुढची अक्षरं) मराठा! आधीचं नाव चार्लॉक, म्हणजे रानमोहरी. रानमोहरीचं मराठा झालं हे वाचल्यावर दुसरा किट बघायची गरजच उरली नाही. (याच नावाची एक ब्रिटिश विनाशिकाही होती, ती 1944 मध्ये आर्क्टिकमध्ये बुडाली, ती वेगळी.)

तर स्पीड. खऱ्या कॉर्व्हेटचा टॉप स्पीड 16 नॉट, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर. लोकांना वाटतं बोट 72 पट लहान तर स्पीडपण 72 ने भागायचा. तसं केलं तर बोट सेकंदाला 11 सेंटीमीटर सरकेल, बघणारा झोपून जाईल, आणि मुख्य म्हणजे पाणी खोटं दिसेल, पुढे लाटच उठणार नाही. कारण जहाज लहान करता येतं, पाणी आणि गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. हा हिशोब विल्यम फ्रूड नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने लावला, त्याने 1872 च्या सुमारास इंग्लंडमधल्या टॉर्की गावात खास टाकी बांधून जहाजांची मॉडेलं ओढून बघितली. त्याचं म्हणणं, स्पीड स्केलच्या वर्गमूळाने भागा, मग मॉडेलच्या भोवती तशाच लाटा उठतील जशा खऱ्या जहाजाभोवती उठतात. 72 चं वर्गमूळ साडेआठ. 16 नॉटचे होतात 1.9 नॉट, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटर, म्हणजे रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला आपण ज्या चालीने चालतो ती. एवढ्याच स्पीडला पुढच्या टोकाशी लाटेची मिशी अगदी जुन्या फोटोतल्यासारखी येते. याच्या दुप्पट थ्रॉटल दिला की मागची बाजू खाली बसते, पुढचं टोक आकाशात, आणि जहाजाचं खेळणं होतं. खेळण्याचा मला राग नाही, पण मग आठशे-हजारात रेडिमेड स्पीडबोट मिळते ना, त्याला कॉर्व्हेट कशाला हवी.

वजनाचं तर याहून मजेदार आहे. लांबी 72 ने भागायची, स्पीड साडेआठने, आणि वजन 72 गुणिले 72 गुणिले 72 ने, म्हणजे 3 लाख 73 हजार आणि वर काहीतरी. खरं जहाज साडेनऊशे टनांच्या आसपास, माल-दारूगोळा भरून साडेअकराशेच्या वर, म्हणजे माझी बोट अडीच ते तीन किलोत बसली पाहिजे, तरच पाणी बरोबर रंगवलेल्या रेषेला लागतं. हलकी राहिली तर लाल बुड वर दिसतं आणि सगळी मेहनत वाया, कितीही सुंदर तोफा बसवा. प्लॅस्टिक हलकं असतं, त्यामुळे आपण वरून शिसं भरतो. कोळीवाड्यात जाळ्याला लावायची शिशाची वजनं मिळतात, ती यासाठी एक नंबर. अर्धा भार बॅटरीच उचलते, 6 व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड, लोक म्हणतात जुनाट, लिथियम घ्या, अहो पण मला वजन हवंच आहे!

आता हे शिसं कुठे ठेवायचं यात खरी कला आहे. सगळे सांगतात तळाला, जेवढं खाली तेवढं चांगलं. अर्धं खरं. फार खाली आणि मधोमध ठेवलं की बोट त्या बुडाला वजन असलेल्या बाहुलीसारखी वागते, जरा कलली की टुणकन सरळ. मोठं जहाज असं टुणटुण करत नाही, ते सावकाश झुकतं, थोडं थांबतं, सावकाश परत येतं. झोक्याचा वेळपण साडेआठनेच कमी होतो, खऱ्या जहाजाला एका झोक्याला आठ-दहा सेकंद लागत असतील तर मॉडेलला एक सेकंद, त्यात आणखी घाई नको. म्हणून थोडं शिसं दोन्ही बाजूंना, हलच्या भिंतीजवळ लावायचं आणि वरचं सगळं, मास्ट, ब्रिज, रेलिंग, शक्य तितकं हलकं ठेवायचं. पितळेची रेलिंग दिसायला देखणी, पण उंचावरचा एकेक ग्रॅम खाली भरपाई मागतो.

पटत नसेल तर फोन काढा. सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन लावून शूट करा, तो 30 ने प्ले होतो म्हणजे आठपट हळू, आणि आपलं वर्गमूळ साडेआठ, जवळजवळ जुळतंच. बोटीचं वजन आणि स्पीड बरोबर असेल तर त्या व्हिडिओत ती खरी वाटते, लाटांसकट. जोरात पळवलेली बोट त्याच व्हिडिओत लगेच उघडी पडते.

बांधायच्या गोष्टी थोडक्यात, कारण त्या सगळ्यांच्या सारख्याच. किटमध्ये मोटर, शाफ्ट (मोटरपासून पंख्यापर्यंतचा दांडा), स्पीड कंट्रोलर, सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर) काही नसतं, किटचा पंखा पण फक्त दिसण्यापुरता. इलेक्ट्रॉनिक्स लॅमिंग्टन रोडला, बेअरिंग, पितळी नळ्या आणि बारीक स्क्रू नागदेवीला. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत आणायला घाई करू नका, जरा तिरकं राहिलं की घरघर येते, आणि हळू चालणाऱ्या बोटीत ती घरघर फारच ऐकू येते. शाफ्टच्या नळीत ग्रीस ठासून भरायचं, पाणी तिथूनच आत येतं. रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर, कारण रिमोटच्या 2.4 गिगाहर्ट्झ सिग्नलला पाणी झेपत नाही. आणि जून ते सप्टेंबर मुंबईत स्प्रे पेंट करूच नका, त्या दमट हवेत लॅकर पांढरट पडतो. पावसाळ्यात वायरिंग करा. किट महाग का, तर एक कारण सरकारी आहे, खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70, आणि आपली कॉर्व्हेट त्यांच्या लेखी खेळणंच.

चालवायला जागा हा मुंबईतला खरा प्रॉब्लेम. पवई तलाव म्हणाल तर जलपर्णी पंख्यात अडकते, आणि अडकलेली बोट सोडवायला त्या पाण्यात उतरणार कोण, तिथे मगरी आहेत, खरोखरच्या. समुद्रात खारं पाणी मोटर खातं. म्हणून सोसायटीचा स्विमिंग पूल, जेव्हा कोणी पोहत नसेल तेव्हा. शेजारचा एक मुलगा त्याची स्पीडबोट घेऊन येतो, आणि मला ते आवडतं, कारण तिच्यामुळे पाच सेंटीमीटरची लाट उठते, आमच्या हिशोबाने ती साडेतीन मीटरहून उंच. त्या लाटेत मराठा जी काय डोलते! खऱ्या कॉर्व्हेटवरची माणसं या डोलण्याला जाम वैतागलेली असायची. मी फक्त डेकच्या झाकणाला कडेने टेप मारलीय का ते बघतो.

आता ती बांधून ठेवलेली मोटर. ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे रिमोटमध्ये, थ्रॉटलचा एंड पॉइंट असतो, म्हणजे मोटरला जास्तीत जास्त किती जोर मिळेल त्याची मर्यादा, तो मी पुढे जायच्या बाजूला निम्म्यावर आणून ठेवलाय, स्टिक कितीही ढकला, बोट 1.9 नॉटच्या वर जाणार नाही. रिव्हर्सला मात्र पूर्ण ताकद सोडलीय, कारण तीन किलोच्या बोटीला ब्रेक नसतात आणि पूलच्या टाइल्स कडक असतात. तेव्हा कोणाला चालवून बघायची असेल तर खुशाल रिमोट मागा, मी देतो.